घरचा पेशंट

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कुणी ना कुणी मला अडवतंच. "मॅडम, तुम्ही इंग्रजी बोलायला शिकवता ना? मग आमच्या नातवाला जरा चारचौघांत बोलतं करा की." मी सांगते, त्याच्या हातातला मोबाइल काढून घ्या, तो आपोआप बोलायला लागेल. माणसं रागावतात आणि पुढे चालू लागतात. माझा क्लास नातवंडांचा नाहीच मुळी, तो नर्सेसचा आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर घराच्या हॉलमध्ये सुरू केला आणि गुडघे कुरकुरत असले तरी अजून चालवते. नाशिकच्या हॉस्पिटलांत नोकरी करणाऱ्या आणि परदेशात जायचं मनावर घेतलेल्या मुली ड्यूटी संपवून माझ्याकडे येतात. चेहरा दमलेला, केसांना अजून वॉर्डातल्या औषधांचा वास, आणि हातात डिक्शनरीपेक्षा जाड गाइड.

या मुलींना सगळ्यात मोठा धाक फ्रेजल व्हर्बचा. ज्यांना हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी सांगते. इंग्रजीत एखादं साधं, गरीब क्रियापद असतं. त्याला पुढे अप, आउट, ऑन असं एखादं शेपूट लागतं आणि ते एकदम वेगळंच वागायला लागतं. गिव्ह म्हणजे देणं, पण गिव्ह अप म्हणजे नाद सोडणं. का, असं विचारायचं नाही. शेकड्यांनी असतात ही. गाइडात डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अशी यादी दिलेली असते आणि मुली ती शाळेतल्या पाढ्यांसारखी म्हणून दाखवतात. मी त्यांना पाठांतर थांबवायला लावते. अर्थ पाठ झाला म्हणजे वापर आला असं नसतं, आणि माझा सगळा धंदा त्या वापरावर उभा आहे.

नर्सेसव्यतिरिक्तही काही गिऱ्हाइकं आली. पंचवटीतले एक गुरुजी आले होते. परदेशातल्या यजमानांसाठी ते मोबाइलवरून पूजा सांगत. पूजा रंगात आली, की यजमान म्हणत, "गुरुजी, प्लीज कॅरी ऑन." गुरुजी भले गृहस्थ. यजमान काहीतरी सांगतोय म्हटल्यावर ते मंत्र थांबवून हात जोडून वाट बघत. यजमानही वाट बघे. असं पुष्कळ दिवस चाललं होतं. मी त्यांना सांगितलं, की कॅरी ऑन म्हणजे तुम्ही चालू ठेवा. गुरुजींनी थोडा विचार केला आणि विचारलं, "म्हणजे यजमानांचं लक्ष नसलं तरी, असंच ना?" मी हो म्हटलं. ते खट्टू होऊन गेले. नंतर त्यांनी पेढे पाठवले, पण स्वतः आले नाहीत.

अर्थ कळल्यावर माणूस सुखी होतोच असं नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता ज्या मुलीबद्दल लिहायचं म्हणून बसले तिच्याकडे येते. तिला मी रोहिणी म्हणते. हे तिचं खरं नाव नाही आणि घरच्यांची नावंही मी बदलली आहेत. ती आज परदेशात एका हॉस्पिटलात आहे. तिला फोन करून विचारलं, की दिवाळी अंकासाठी लिहू का. ती म्हणाली, "लिहा मॅडम, पण आईला बिचारी करू नका." त्या अटीवर लिहिते आहे.

रोहिणीच्या घरची फुलशेती. गंगापूर रोड संपून मळे सुरू होतात तिकडे त्यांचं घर. वडील वारलेले. आई, थोरला भाऊ दत्तू, वहिनी आणि ही. गुलाब, झेंडू, शेवंती, सगळं पहाटे पंचवटीच्या बाजारात जायचं. रोहिणीनं नर्सिंग केलं, शहरात नोकरी धरली आणि मग परदेशाचं खूळ डोक्यात घेतलं. स्वभावानं कमी बोलणारी, पण हात चलाख. तिच्या सुया टोचून घ्यायला पेशंट रांग लावतात असं तिच्या मैत्रिणी सांगायच्या.

परदेशी परीक्षेत एक तोंडी भाग असतो. नर्सच्या हातात एक कार्ड देतात. समोरचा परीक्षक पेशंट होतो. कार्डावर लिहिलेलं असतं, पेशंट कोण, त्याला काय झालंय, आणि नर्सनं काय काय करायचं. बहुतेक कार्डांवर पहिलीच ओळ फाइंड आउटनं सुरू होते. पेशंटला स्वतःच्या आजाराबद्दल काय माहीत आहे ते फाइंड आउट करा. त्याला कसली काळजी वाटते ते फाइंड आउट करा. गाइडात याचा अर्थ दिला आहे, शोधून काढणे. त्यामुळे मुली परीक्षेत पोलिसासारख्या प्रश्न विचारतात. दारू पिता का, कधीपासून पिता, खरं सांगा. मी त्यांना म्हणायचे, "अगं, चोर पकडायचा नाहीये. त्या माणसाच्या पोटात जे आहे ते त्याला बोलू द्यायचं. अर्धं काम विचारायचं, उरलेलं अर्धं गप्प बसायचं."

पण खरी अडचण पुढे होती, आणि ती आपल्याकडच्याच मुलींना येते. क्लासमध्ये मी पेशंट व्हायचे. हॉलमधल्या दिवाणावर पाय पसरून, गुडघे खरोखरच दुखत असल्यामुळे चांगली कण्हत बसायचे. शेजारी एक रिकामी खुर्ची असायची. मुलगी यायची, गुड मॉर्निंग म्हणायची, माझं नाव विचारायची. आणि मग आजाराचा विषय आला, की हळूच मान वळवून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलायला लागायची. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. मग लक्षात आलं, की एकजात सगळ्या तेच करतात. त्यांच्या मनात त्या खुर्चीत पेशंटचा मुलगा, नाहीतर जावई बसलेला असे.

आपल्या वॉर्डात रीतच आहे ती. पेशंट आणला, की पहिला प्रश्न, "सोबत कोण आहे?" फाइल सोबतच्या माणसाच्या हातात. रिपोर्ट आले, की डॉक्टर त्याला खुणेनं पॅसेजमध्ये बोलावतात. जे काय असेल ते तिथे सांगितलं जातं. मग तो डोळे पुसून, तोंडावर हसू चिकटवून आत येतो आणि म्हणतो, "काही नाही, थोडी कमजोरी आहे." यात कुणाचं पाप नाही. मायेपोटीच सगळे करतात, मी माझ्या सासूबाईंच्या वेळी केलं आहे. पण परीक्षकाला आपली ही रीत ठाऊक नसते. तो फक्त बघतो, की नर्स पेशंटशी बोललीच नाही. मार्क जातात.

बाकीच्या मुली हळूहळू सुधारल्या. रोहिणी काही केल्या सुधारेना. मी खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली तरी तिची मान वळायचीच. मी ओरडले, "रोहिणी, पेशंट इकडे आहे! भिंतीला कॅन्सर झालाय का?" ती कार्ड टेबलावर ठेवून पाणी प्यायला आत गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. मला वाटलं, पोरगी जरा हळवी आहे.

माझ्याकडे गृहपाठाची एक पद्धत आहे. तिला मुलींनीच नाव दिलं, घरचा पेशंट. घरातल्या कुणालाही पेशंट करायचं, कार्डाप्रमाणे त्याच्याशी बोलायचं. आपण इंग्रजीत विचारायचं. त्याला कळलं नाही, तर तेच मराठीत सांगायचं. त्यानं मराठीत उत्तर दिलं तरी चालेल. सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवायचं आणि मी चुका लिहून परत पाठवायच्या. या रेकॉर्डिंगांमध्ये मी काय काय ऐकलं आहे! एका सासऱ्यांनी नर्स झालेल्या सुनेला चहाची ऑर्डर दिली होती. एक नवरा पेशंट होता होता घोरायला लागला होता.

रोहिणीला मी एक कार्ड दिलं. पोटदुखीनं आजारी असलेली एक बाई, रिपोर्ट आलेले आहेत, तिला काय माहीत आहे ते फाइंड आउट करा. तिला सगळ्यात जास्त काळजी कशाची आहे, ते फाइंड आउट करा. तिनं कार्ड वाचलं, दप्तरात टाकलं आणि गेली.

दोन-चार दिवसांनी रेकॉर्डिंग आलं. मी सकाळचा चहा ठेवून, पेन्सिल घेऊन ऐकायला बसले. मागे पाण्याची मोटर चालू होती. कटकट असा बारीक आवाज येत होता. रोहिणीची आई, विमलबाई, गुलाबाच्या काड्यांची खालची पानं तोडत बसल्या होत्या, असं मला नंतर कळलं.

रोहिणीनं सुरुवात चांगली केली. "मे आय कॉल यू विमल?"

"काय म्हनती?"

"तुमाला नुसतं विमल म्हनू का, असं इचारते नर्स."

विमलबाई हसल्या. "म्हन बाई. तुझा बाप बी कधी म्हनला नाय."

मी पेन्सिलीनं एक चांगला शेरा लिहिला. पुढे रोहिणीचा आवाज जरा बदलला. ती पाठ केल्यासारखं म्हणाली, "आय वुड लाइक टु फाइंड आउट व्हॉट यू ऑलरेडी नो अबाउट युवर इलनेस."

"आता काय इचारलं?"

मोटरीचा आवाज येत राहिला. मग रोहिणी म्हणाली, "इचारलं का, तुमच्या दुखन्याचं तुमाला काय काय म्हाईत हाय."

पानं तोडायचा आवाज थांबला. विमलबाई म्हणाल्या, "कुनाच्या दुखन्याचं? तुझ्या त्या कार्डावरच्या बाईच्या, का माझ्या?"

मी पेन्सिल खाली ठेवली. काहीतरी भलतंच ऐकतेय असं वाटलं, पण बंदही करवेना. रोहिणीपुढे सोपी वाट होती. कार्डावरच्या बाईच्या म्हटलं असतं, की गृहपाठ पुरा झाला असता. पण ती म्हणाली, "तुझ्या."

"तुमी सांगता तो अल्सर नाय, एवढं म्हाईत हाय," विमलबाई शांतपणे म्हणाल्या. "माझी बहीन सटान्याहून चारदा येऊन गेली अन् एकदा बी भांडली नाय माझ्यासंगं. अल्सरला कोन एवढं गोड वागतं? कॅन्सर हाय ना?"

"हां."

"बरा व्हनारा?"

"नाय, आई."

मग पुन्हा पानं तोडायला सुरुवात झाली. दुसरा प्रश्न रोहिणीनं इंग्रजीत विचारलाच नाही. सरळ म्हणाली, "तुला सगळ्यात जास्ती कशाची काळजी वाटती?"

"तुझ्या जान्याची," विमलबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? लोक म्हनतील आईनं पोरीचं चांगलं बघावं. मी बघितलंच की इतकी वर्षं. पन मी हाय तवर जाऊ नको. तू गेली का मला खरं सांगनारं कुनी नाय ऱ्हानार इथं."

मी मुलींना बजावून ठेवलं होतं, की पेशंटला कधीही काळजी करू नका असं म्हणायचं नाही, त्यानं काही होत नाही आणि मार्कही जातात. रोहिणी तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "नाय जानार." आणि रेकॉर्डिंग संपलं.

चहा उतू गेला होता. मी गॅस बंद केला आणि ओट्याशी उभी राहून रडले. चुका काही लिहून पाठवल्या नाहीत. काय लिहिणार?

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी बेल वाजली. दारात तिशीतला एक माणूस, हातात टोपी, पायाला मळ्यातली माती. "रोहिणीचा भाऊ मी, दत्तू," तो म्हणाला. मी आत बोलावलं, पण तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"मॅडम, तुमी इंग्रजी शिकवता का लोकांची घरं मोडता?"

मी म्हटलं, "बसा आधी."

"बसायला नाय आलो. आखाजीपासून आमी जिवाला जपून ठिवलं तिला. सगळ्या पावन्यांना सांगून ठिवलं, कोनी तिच्यापुढं तोंड पाडायचं नाय. अन् तुमच्या एका कार्डापायी सगळं मातीत गेलं. आता ती मला इचारती, दत्तू, खरं का रे?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

तो टोपी या हातातून त्या हातात करत राहिला. "काय सांगू? निघून गेलो मळ्यात. तवापासून तिच्या खाटेजवळ गेलो नाय मी. शेडातच जेवतो." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, माझं एक काम करा. तुमी चला घरी. तुमचं ती ऐकंल, तुमी शिकलेल्या. तिला एवढंच सांगा, का ते सगळं त्या कार्डावरच्या बाईचं व्हतं. पोरीनं अभ्यास म्हनून म्हनलं. एवढं लबाड बोला माझ्यासाठी."

खरं सांगते, त्या क्षणी मी नाही म्हणू शकले नाही. त्याचे डोळे लाल होते. आईवर जीव असलेला माणूस होता तो, आणि आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, एवढे महिने पॅसेजमध्ये ऐकलेलं सगळं एकट्यानं पोटात घेऊन फुलांचे क्रेट वाहत होता. मी साडी बदलली आणि त्याच्या पिकअपमध्ये बसले. गाडीत झेंडूचा वास भरला होता. गंगापूर रोड संपेपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होते. विमलबाई, तो अभ्यासाचा भाग होता. विमलबाई, मुलींना तसंच शिकवावं लागतं. चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, की वाक्य जुळलं की म्हणून टाका. हे वाक्य जुळलं होतं, पण तोंडातून निघेल की नाही याची खात्री नव्हती.

विमलबाई ओसरीत खाटेवर होत्या. रेकॉर्डिंगमधल्या आवाजावरून वाटल्या त्यापेक्षा खूपच वाळलेल्या, पण केस नीट विंचरलेले, कुंकू मात्र नाही. रोहिणी ड्यूटीला गेली होती. सुनेनं मला खुर्ची दिली आणि ती चहाला आत गेली. दत्तू दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. "आई, ह्या रोहिणीच्या मॅडम. त्या सांगत्यात बघ काय झालं ते."

"सांगा बाई," विमलबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. पण ती बाई इतकी नीट, इतकी वाट बघत माझ्याकडे बघत होती, की मला ते म्हणता येईना. मी मान वळवून दत्तूकडे बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे वळले आणि म्हटलं, "विमलबाई, तुमच्या मुलाला फार भीती वाटते आहे."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "त्यानं तुमाला लबाड बोलायला आनलं ना? लहानपनी बी असाच. ग्लास फुटला का शेजारच्या पोराला घिऊन यायचा सांगायला." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "इकडं ये, दत्तू."

तो हलला नाही.

"आखाजीपासून सगळे माझ्यापुढं नुसते हसू ऱ्हायले," विमलबाई म्हणाल्या. "तू हसतो, सून हसती, पावने हसत्यात. रातच्याला मी एकलीच रडायची तोंडात पदर घालून, कुनाला कळू नये म्हनून. माझ्याच घरात मला पावन्यासारखं वागवलं तुमी. माझ्यापाशी बसून एकदा बी रडला नाय कुनी. मी तुमची कोनी नाय का रे?"

दत्तू आला. टोपी कुठे ठेवावी ते त्याला सुचेना, ती त्यानं जमिनीवरच सोडली. खाटेशी खाली बसला, आईच्या गोधडीत डोकं घातलं आणि मोठ्यानं रडायला लागला. एवढा दणकट माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता. आतून सून आली, हातातला चहा तसाच, आणि तीही रडायला लागली. विमलबाईंच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा मोकळा झाला होता. त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी उठले, आपलं काम इथे नाही असं मला वाटलं. विमलबाईंनी हातानं मला खूण केली, की बसा.

बऱ्याच वेळानं तो शांत झाला. विमलबाईंनी पदरानं आधी त्याचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं तुला बाहेर बोलवून काय सांगितलं व्हतं? पयल्यापासून सांग. काय गाळू नको."

दत्तूनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि सांगायला सुरुवात केली.